तिसऱ्या फळीवरचा अडकित्ता

मी सांगलीत घरी बसून मुद्रितशोधन करते, २२ वर्षं झाली. आमच्या कामात लोक आपलं न छापलेलं लिखाण विश्वासाने हातात देतात. त्यात आत्मचरित्रं असतात, कौटुंबिक पत्रव्यवहार असतो. पुढे लेखक स्वतःच काढून टाकणार असतो असेही परिच्छेद असतात. हे सगळं मी एका खिशाएवढ्या हार्ड डिस्कवर ठेवायचे. २०२२ च्या पावसाळ्यात पुण्याला जाताना ती डिस्क बसमध्ये राहिली. डेपोत दोनदा जाऊन आले, रोज फोन केले, पण ती मिळाली नाही.

तिच्यावर तीन हस्तलिखितं होती. शिवाय आमच्या दोघांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं आणि घराचं खरेदीखत स्कॅन करून ठेवलेलं. तिन्ही लेखकांना मी स्वतः फोन करून सांगितलं. त्यातल्या एक बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आपल्या पहिल्या लग्नाबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं होतं. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ते आता कुणीही वाचू शकेल?" मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी तशीच बसून होते.

माझा भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो. त्याने पहिलं विचारलं, "मावशी, डिस्कला पासवर्ड होता का?" मी म्हटलं, लॅपटॉपला आहे की. त्यावर तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी घरी आला, माझ्या जुन्या बंद पडलेल्या लॅपटॉपची मागची झाकणी उघडली, आतली डिस्क काढली आणि एका केबलने आपल्या संगणकाला जोडली. एकही प्रश्न न विचारता माझं सगळं घर पडद्यावर उघडलं. पत्रं, फोटो, बिलं, सगळं. लॅपटॉप सुरू करताना जो पासवर्ड आपण टाकतो तो दाराशी बसलेल्या माणसासारखा असतो. डिस्क बाहेर काढली की तो माणूस मागेच राहतो. डिस्कला वेगळं कुलूप लावलेलं नसेल तर फाइलींवर त्याचं काहीच कुलूप नसतं. हे मला त्या दिवसापर्यंत खरंच माहीत नव्हतं, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना अजूनही माहीत नाही.

नवी १ टीबीची डिस्क आणली. माझा लॅपटॉप जुना, विंडोज त्याला झेपेना म्हणून भाच्याने आधीच त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली घातली होती. लिनक्समध्ये डिस्कला कुलूप लावायची जी पद्धत आहे तिचं नाव लक्स, आणि ते काम करणाऱ्या साधनाचं नाव क्रिप्टसेटअप. भाचा म्हणाला, "मी करून देत नाही, मी शेजारी बसतो, तू कर." त्याचं हे मला फार आवडलं.

टर्मिनल म्हणजे आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली. संगणकाने बजावलं की या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, खात्री असेल तर ‘येस’ मोठ्या लिपीत लिहा. छोट्या लिपीत लिहिलं तर तो पुढे जात नाही. मी थांबले, डिस्कचं नाव पुन्हा एकदा ताडून पाहिलं, मग लिहिलं. चुकून दुसऱ्याच डिस्कचं नाव दिलं असतं तर तीच गेली असती, म्हणून हा थांबा फार महत्त्वाचा आहे. नंतर परवलीचं वाक्य मागितलं. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपके नाहीत, तारे नाहीत. अंधारात कुलूप चाचपावं तसं ते टाइप करायचं, आणि पुन्हा एकदा तेच.

मी वाक्य मराठीत घेतलं. माझी बोटं इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर इतकी बसलेली आहेत की अंधारातही चुकत नाहीत. आता ते वाक्य मी बदललं आहे, म्हणून इथे सांगायला हरकत नाही: ‘तिसऱ्या फळीवर आजीचा अडकित्ता’. आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात तो खरोखर तिथेच असायचा. मला वाटलं, लांब आहे, माझंच आहे, देवनागरीत आहे. यापेक्षा भक्कम काय असणार?

आत काय घडतं ते भाच्याने कागदावर काढून दाखवलं. ते कळल्यामुळे पुढे माझा जीव वाचला, म्हणून थोडं सविस्तर सांगते. डिस्कवरचा मजकूर ज्या किल्लीने बंद होतो ती मूळ किल्ली संगणक स्वतः तयार करतो. ती आपल्याला कधी दिसत नाही. ती एका छोट्या खणात कुलपाआड ठेवलेली असते, आणि आपलं परवलीचं वाक्य उघडतं ते हा खण. लक्सच्या नव्या आवृत्तीत असे ३२ पर्यंत खण करता येतात. प्रत्येकाचं वाक्य वेगळं, पण आतली मूळ किल्ली एकच. त्यामुळे परवली बदलली तरी अख्खी डिस्क पुन्हा कुलूपबंद करावी लागत नाही, फक्त खणाचं कुलूप बदलतं. खण उघडण्याचं गणित मुद्दाम जड ठेवलेलं असतं. माझ्या लॅपटॉपवर दोनएक सेकंद लागतात. आपल्याला दोन सेकंद म्हणजे काहीच नाही, पण कोट्यवधी वाक्यं आजमावून पाहणाऱ्याला दर वेळी तेच जड गणित पुन्हा करावं लागतं. मजकुराच्या कुलपाला एईएस म्हणतात. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी ते रचलं आणि २००१ मध्ये अमेरिकेने ते आपलं मानक म्हणून स्वीकारलं. बँकांचे व्यवहारही त्यावर चालतात.

बंद पडलेल्या लॅपटॉपच्या डिस्कवरून सगळं नव्या डिस्कवर आणलं आणि मग ती जुनी डिस्क शून्यांनी भरून काढली. नुसतं डिलीट केलं किंवा झटपट फॉरमॅट केलं तर जुना मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो. त्या भरण्यात सबंध रात्र गेली.

पुढचं सव्वा वर्ष ही डिस्क माझ्या रोजच्या कामाचा भाग झाली. सकाळी चहा झाला की केबल लावायची, डाव्या बाजूला डिस्कचं चित्र येतं, त्यावर टिचकी मारायची, परवलीची चौकट येते. चौकटीखाली तीन पर्याय असतात: पासवर्ड लगेच विसर, लॉगआउट होईपर्यंत लक्षात ठेव, कायमचा लक्षात ठेव. मी नेहमी पहिला घेते. ‘कायमचा’ घेतला तर लॅपटॉप उघडा सापडलेल्या माणसाला डिस्कही उघडीच सापडणार.

बंद करण्याची सवय लागायला जास्त वेळ लागला. उघडताना गरज असते, बंद करताना कंटाळा असतो. सुरुवातीला मी नुसती लॅपटॉपची झाकणी मिटायचे. भाच्याने टोकलं. झाकणी मिटली की संगणक झोपतो, पण डिस्कची मूळ किल्ली मेमरीत तशीच जागी असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की वीज तोडल्यावरही मेमरीतला मजकूर काही सेकंद टिकतो आणि मेमरी थंड केली तर मिनिटं. घरच्या चोराकडे एवढं कसब नसेल, पण झोपलेला संगणक म्हणजे बंद कुलूप नव्हे, एवढं मी त्यातून घेतलं. आता काम संपलं की बाहेर काढण्याच्या खुणेवर टिचकी मारते. कधी संगणक म्हणतो, डिस्क वापरात आहे. हटकून एखादी पीडीएफ कुठल्यातरी खिडकीमागे उघडी राहिलेली असते. ती शोधून मिटायची, पुन्हा टिचकी मारायची, डिस्कवरचा निळा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच केबल ओढायची. घाईने ओढली तर शेवटी लिहिलेलं अर्धवट राहू शकतं.

मग २०२४ चा फेब्रुवारी आला. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, सांगलीच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. दोन दिवसांत शस्त्रक्रिया ठरली. विम्याचे कागद सकाळी ९ च्या आत हवे होते: पॉलिसी, आधीच्या इकोचा रिपोर्ट, २०१९ मधला डिस्चार्जचा कागद. घाईत लॅपटॉप सांगलीतच राहिला होता, पण डिस्क मी पर्समध्ये घातली होती. सगळं तिच्यावर होतं. मला वाटलं, सुटलो.

रात्री ११ वाजता भाच्याच्या घरी त्याच्या संगणकाला डिस्क लावली. त्याच्याकडेही लिनक्सच. मराठी तो फोनेटिकने टाइप करतो, रोमन कळा दाबायच्या आणि देवनागरी उमटते. परवलीच्या चौकटीत ते फोनेटिक चालेचना, बहुतेक पासवर्डच्या चौकटींत ही साधनं बंदच ठेवलेली असतात. मग त्याने कोऱ्या पानावर वाक्य टाइप केलं. मी वाचून पाहिलं. ‘तिसऱ्या फळीवर आजीचा अडकित्ता’. काना, मात्रा, वेलांटी, सगळं बरोबर. ते उचलून काळ्या खिडकीत चिकटवलं. त्याचा संगणक जुना, आठ-दहा सेकंद घेतले, आणि उत्तर आलं: ‘नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज’. या वाक्याने उघडणारी किल्ली नाही.

पुन्हा केलं. शेवटी रिकामी जागा आली असेल म्हणून काळजीने उचललं. फळीवर, फळीवरचा, फडताळावर, मी वाक्य बदललं होतं का, असं सगळं मनात यायला लागलं. दर वेळी ते आठ-दहा सेकंद आणि तेच उत्तर. बारा वाजले. भाच्याने डिस्कच्या सुरुवातीचा भाग, ज्याला हेडर म्हणतात, तो वाचून पाहिला. खण शाबूत होता, काही खराब झालेलं नव्हतं. "मावशी, कुलूप ठीक आहे. किल्लीच चुकतेय," तो म्हणाला. मला रडू येत होतं. ज्या माणसासाठी कागद हवेत तो दवाखान्यात झोपलेला, कागद माझ्या हातात, आणि ते मीच कुलपात घातलेले.

मी भाच्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः कीबोर्डपाशी बसले. त्याच्या फोनेटिकने हळूहळू वाक्य लिहिलं. ‘तिसऱ्या’ लिहून झाल्यावर काहीतरी चाचपावं म्हणून मागून एकेक कळ पुसत आले. काना गेला. य गेला. आणखी दोनदा पुसलं तेव्हा उरला साधा र.

तिथे मी थांबले. माझ्या लॅपटॉपवर असंच पुसत आलं की खाली टिंब असलेला ऱ उरतो, हे माझ्या डोळ्यांना २० वर्षांच्या सवयीने माहीत होतं. शिवाय य नंतर एकदाच पुसावं लागतं. इथे टिंब नव्हतं, आणि एक पुसणं जास्तीचं होतं. म्हणजे हा ‘ऱ्या’ तो ‘ऱ्या’ नव्हता.

मुद्रितशोधकाला या अक्षराची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत पंगत कोण वाढणार हे ठरतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे सह्याद्रीतल्या. रफार डोक्यावर बसतो, हा र य ला आडव्या रेघेसारखा पुढून चिकटतो. मी आयुष्यभर हे दोन र वेगळे करत आले. पण चिकटणारा र स्वतःच दोन प्रकारे लिहिला जात असेल, आणि दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसत असतील, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

भाचा एकदम जागा झाला. त्याने दोन ओळी एकाखाली एक घेतल्या. वरच्या ओळीत त्याच्या फोनेटिकचा ‘ऱ्या’, खालच्या ओळीत टिंबाचा ऱ घेऊन बनवलेला ‘ऱ्या’. मग संगणकाला त्या अक्षरांच्या आतले आकडे छापायला सांगितले. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह आत तीन-तीन आकड्यांनी साठवलेलं असतं, आणि संगणकाच्या या आकड्यांत ए, बी, ई अशी अक्षरंही येतात. मी प्रूफ वाचते तसं बोट ठेवून दोन्ही ओळी वाचल्या. खालच्या ओळीत ऱ होता ई०, ए४, बी१. वरच्या ओळीत र होता ई०, ए४, बी०. मग दोन्हींत हलन्त, ई०, ए५, ८डी. आणि वरच्या ओळीत त्याच्यापुढे आणखी एक तिकडी, ई२, ८०, ८डी. हे एक अदृश्य चिन्ह आहे. त्याला रुंदी नाही, आकार नाही, फक्त शेजारच्या अक्षरांना ‘असे जुळा’ एवढं सांगतं. तेच ते जास्तीचं पुसणं.

युनिकोड म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची जगभरची पद्धत. तिच्यात दोन्ही प्रकार मान्य आहेत. टिंबाचा ऱ मुळात द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून घेतलेला. त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला मराठी चिकटणारा र. दुसरी पद्धत साध्या र ला हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह जोडून तेच रूप काढते. वाचणाऱ्याला फरक शून्य. कुलपाला मात्र अक्षर दिसत नाही, आकडे दिसतात. आणि या गणितात ‘जवळपास बरोबर’ असं काही नसतं. एक आकडा हलला की निघणारी किल्ली संपूर्ण निराळी, जणू वाक्यच दुसरं.

पुढचं पाच मिनिटांचं काम होतं. भाच्याने आपल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक जोडला. त्याच्या कीबोर्डवर देवनागरी छापलेली नव्हती, मला गरजही नव्हती. मी डोळे मिटले आणि सांगलीत रोज टाइप करते तसं टाइप केलं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. आठ-दहा सेकंद. डिस्क उघडली. रात्रीचे २ वाजले होते. इकोचा रिपोर्ट, पॉलिसी, डिस्चार्जचा कागद, तिन्ही छापून मी प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि ती उशाशी घेऊन आडवी झाले. सकाळी साडेआठला दवाखान्यात होते.

हे बरे होऊन घरी आल्यावर मी या कुलपाचा नव्याने विचार केला. चोराच्या दृष्टीने ते उत्तम होतं. पण त्या रात्री दवाखान्यात मी असते आणि हे बाहेर असते, तर? ह्यांना इन्स्क्रिप्ट येत नाही. ह्यांना ते वाक्यही माहीत नव्हतं. घराचं खरेदीखत, विमा, सगळं माझ्या दहा बोटांत अडकून राहिलं असतं.

भाच्याला बोलावलं आणि दुसरा खण केला. इथे ते खणांचं कळलेलं कामी आलं: जुनी परवली टाकून उघडायचं आणि नवी जोडायची, डिस्कवरच्या फाइलींना हातही लागत नाही. नवी परवली साध्या छोट्या रोमन अक्षरांत. क्रिप्टसेटअप लिहिणाऱ्यांचा सल्लाही हाच आहे, परवलीत साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि नेहमीची चिन्हं ठेवा. मी तो आधी वाचला असता तर! मराठी शब्द रोमनमध्ये घ्यावेत असं मला वाटत होतं, पण ‘फळी’ कुणी एका ई ने लिहील, कुणी दोन ई ने, म्हणजे पुन्हा तोच घोळ. शेवटी फासे घेतले. ७,७७६ सोप्या इंग्रजी शब्दांची यादी असते. पाच वेळा फासा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांपुढचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द. फासा टाकण्याचं काम ह्यांनी केलं, सापशिडीच्या डब्यातला फासा घेऊन. मनाने निवडलेले शब्द आपल्या आयुष्यातून येतात आणि आपल्याला ओळखणारा माणूस ते ओळखू शकतो. फाशाला अडकित्ता माहीत नाही.

नंतर त्या हेडरची प्रत काढली. डिस्कच्या सुरुवातीचा हा जेमतेम १६ एमबीचा भाग, पण तो खराब झाला तर परवली बरोबर असूनही सगळं गेलं. प्रत एका पेन ड्राइव्हवर घेतली आणि बहिणीकडे मिरजेला ठेवली. तिच्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पुढे डिस्कवरची परवली काढून टाकली तरी हेडरच्या जुन्या प्रतीत ती जिवंत असते, म्हणून परवली बदलली की जुनी प्रत नष्ट करून नवी काढायची. मी अडकित्त्याचं वाक्य बदलून इन्स्क्रिप्टचंच दुसरं घेतलं, ऱ्य टाळून, तेव्हा मिरजेला जाऊन हे केलं. आणि कुलूपबंद डिस्क बिघडू शकते ती शकतेच, म्हणून तशीच दुसरी डिस्क घेऊन महिन्यातून एकदा तिच्यावर सगळं उतरवते.

ह्याच सुमारास ह्यांनी नवा विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला. त्यांनी काहीच केलं नव्हतं, तरी सेटिंगमध्ये पाहिलं तर डिस्क आधीच एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद झालेली. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं घालून सुरुवात केली की बहुतेक वेळा ते आपोआप होतं आणि सुटकेची किल्ली त्या खात्यात जमा होते. एरवी लॅपटॉपमधली टीपीएम नावाची चिप ती डिस्क स्वतःच उघडते, म्हणून रोज कळतही नाही. पण बायोस (संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली) बदललं, मदरबोर्ड बदलला, तर निळा पडदा येतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. तेव्हा शोधाशोध नको म्हणून आम्ही ती आधीच खात्यातून कागदावर उतरवायला बसलो. हे वाचत होते, मी लिहीत होते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट.

मी सवयीने देवनागरी आकडे काढले. लिहून झाल्यावर कागद पाहिला आणि पोटात गोळा आला. माझा ४ इंग्रजीतल्या आठासारखा दिसतो, आणि १ इंग्रजीतल्या नवासारखा. घाबरलेल्या माणसाने हा कागद वाचला तर काय टाइप करील? भाच्याला फोन केला. त्याने एक छान गोष्ट सांगितली. या किल्लीचा प्रत्येक गट ११ ने भागला जातो, तपासासाठीच तशी रचना आहे. शाळेतली कसोटी लावायची, एक आड एक आकडे मिळवा-वजा करा, उत्तर शून्य किंवा ११ च्या पटीत यायला हवं. समजा गट आहे ४१८२०९. चार वजा एक, अधिक आठ, वजा दोन, अधिक शून्य, वजा नऊ: शून्य. पहिला ४ जर आठ म्हणून वाचला तर उत्तर येतं चार, म्हणजे चूक. आम्ही दोघांनी आठही गट असे तपासले. पाचव्या गटात ह्यांच्या तोंडून एक आकडा चुकीचा आला होता, तो सापडला. मग सगळं पुन्हा इंग्रजी आकड्यांत, मोठ्या अक्षरात, एका गटाखाली एक असं लिहिलं.

दोन्ही कागद, सहा शब्दांचा आणि ४८ आकड्यांचा, एका लिफाफ्यात घालून कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवले आहेत. डिस्क वेगळ्या खोलीत असते. लिफाफा कुठे आहे ते आम्हा दोघांना, भाच्याला आणि बहिणीला माहीत आहे. ज्या बाईंची आत्मकथा बसमध्ये गेली, त्यांनी पुढे ती पुन्हा लिहायला घेतली. गेल्या वर्षी पहिली ८० पानं माझ्याकडे पाठवली, तेव्हा मी त्यांना घरी बोलावलं आणि डिस्क उघडून, बंद करून दाखवली. त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला काही झालं तर?" मी लिफाफ्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून पुढची ३० पानं काढून टेबलावर ठेवली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्क मी उघडत नाही, हे उघडतात. मी शेजारी बसते, हात मांडीवर ठेवून. लिफाफा आणायचा, चष्मा पुसायचा, सहा शब्द दोन बोटांनी एकेक अक्षर टाइप करायचे. पहिल्या वेळी पाच प्रयत्न लागले होते, मध्येच कॅप्स लॉक दाबला गेला होता. गेल्या रविवारी पहिल्याच प्रयत्नात उघडली. त्यांनी आपल्या इकोच्या रिपोर्टची फाइल उघडून पाहिली, मिटली, बाहेर काढण्याच्या खुणेवर टिचकी मारली आणि निळा दिवा विझेपर्यंत केबलवर हात ठेवून थांबले.